व्हिएन्नातलं सेमिस्टर, शनिवार-रविवारसकट

एक्सचेंज सेमिस्टर करून आलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "किती देश झाले?" अभ्यास काय केलास, प्रोफेसर कसे होते, थंडीचं काय केलंस, हे सगळं नंतर, आधी देश मोजायचे. आणि मी "ऑस्ट्रिया" म्हणून गप्प बसते तेव्हा समोरच्याच्या चेहऱ्यावर जी कीव येते ना, ती बघण्यासारखी असते. ऑक्टोबर ते जानेवारी, म्हणजे कॉलेज चालू होतं तोवर मी व्हिएन्ना सोडलंच नाही. मुद्दाम नाही सोडलं. आणि त्यावर मला आता जरा भांडायचंय.

व्हिएन्ना नकाशावर अशा जागी बसलंय की माणसाला मोह व्हावाच. ब्रातिस्लावा ट्रेनने तासाभरावर, बुडापेस्ट अडीच-तीन तास, प्राग चारेक तास, आणि रात्रीच्या बसची तिकिटं आधी काढली तर स्वस्तात मिळतात. एक्सचेंजवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बुधवारपासूनच सुरू व्हायचं, कोण कोण येतंय, एअरबीएनबीत अजून एक जागा आहे वगैरे, मग गुरुवारी संध्याकाळी सगळे पाठीवर सॅक टाकून गायब ते थेट सोमवारी लाल डोळे घेऊन लेक्चरला हजर. शुक्रवारी दुपारी ऑस्ट्रियन पोरंपोरी धुण्याच्या कपड्यांची बॅग घेऊन आपापल्या गावी. शनिवारी सकाळी आमचं हॉस्टेल बघाल तर अख्ख्या मजल्यावर मी आणि फोरारल्बेर्गची एक मुलगी. फोरारल्बेर्ग म्हणजे ऑस्ट्रियाचं पार पश्चिमेचं टोक, स्वित्झर्लंडला चिकटलेलं, व्हिएन्नाहून ट्रेनने साडेसहा-सात तास, त्यामुळे ती काही दर आठवड्याला घरी जाऊ शकत नव्हती. तिची बोली तर खुद्द व्हिएन्नाच्या लोकांना धड कळत नाही, त्यामुळे त्या शहरात आम्ही दोघी जवळपास सारख्याच परक्या होतो. पुढचं बरंचसं तिच्यामुळे घडलं.

आधी कॉलेजचं सांगते, कारण त्याशिवाय मी का नाही फिरले ते कळणार नाही.

मी एमएस्सी फिजिक्सची. व्हिएन्ना युनिव्हर्सिटी १३६५ सालची, पण फिजिक्स काही रिंगवरच्या, म्हणजे जुन्या शहराभोवतीच्या गोल रस्त्यावरच्या, त्या भव्य मेन बिल्डिंगमध्ये नाही, ते नवव्या डिस्ट्रिक्टमध्ये बोल्ट्झमानगासे आणि श्ट्रुडल्होफगासेच्या कोपऱ्यावरच्या जुन्या इमारतीत आहे. शेजारीच १९१० ची रेडियम इन्स्टिट्यूटची इमारत. व्हिक्टर हेस तिथे असिस्टंट होता, १९१२ मध्ये तो बलूनमधून पाच किलोमीटरच्या वर गेला आणि वर जावं तसं रेडिएशन वाढतं हे मोजून आला, त्यातून कॉस्मिक रेज, म्हणजे अंतराळातून येणारे किरण, निघाले आणि १९३६ चं नोबेल. २०२२ चं नोबेल मिळालेले अँटोन त्साइलिंगर याच फॅकल्टीचे. एवढं सगळं असून आत गेल्यावर मात्र लाकडी बाकं, करकरणारी दारं, आणि कॉफीच्या मशीनपुढे रांग. मला ते फार आवडलं.

लेक्चरची वेळ नऊ लिहिलेली असते आणि पुढे सी.टी. असं असतं, म्हणजे सव्वानऊला सुरू. हे पंधरा मिनिटांचं प्रकरण अधिकृत आहे बरं का, कोणी उशीर केला असं नाही. लेक्चर संपलं की टाळ्या नाहीत, सगळे बोटांच्या सांध्यांनी बाकावर टकटक करतात. पहिल्या दिवशी मला वाटलं पोरं भडकली वाटतं! मार्क १ ते ५, त्यात १ सगळ्यात भारी आणि ५ म्हणजे नापास. लेक्चरला हजेरी नाही. कोणी विचारत नाही आलास का, का नाही आलास, शेवटी एक परीक्षा आणि तिच्याही तीन-चार तारखा असतात, झेपेल त्या तारखेला द्या. हे ऐकलं की सगळ्यांना वाटतं मज्जाच आहे.

मज्जा नाहीये, कारण लेक्चरच्या बरोबर एक युबुंग असतं. म्हणजे प्रॉब्लेम सॉल्व्हिंगचा तास, आणि तिथे हजेरी कंपल्सरी. दर आठवड्याला प्रश्नांची शीट येते. तुम्ही घरून सोडवून आणायचं आणि तास सुरू व्हायच्या आधी ऑनलाइन यादीत टिक करायचं, की हा सुटलाय, हा सुटलाय, हा नाही सुटला. मग शिकवणारा यादी उघडतो आणि ज्यांनी टिक केलंय त्यातून कुणाचंही नाव घेतो, की या बोर्डावर आणि दाखवा. ह्या टिकला ते क्रॉयत्सर्ल म्हणतात. सेमिस्टरभरात अमुक टक्के टिक झाल्या पाहिजेत नाहीतर कोर्स गेला, माझ्या कोर्सला साठ टक्के होते. आणि टिक करून बोर्डावर काहीच जमलं नाही तर त्या दिवशीच्या सगळ्या टिक बाद. थापा मारायची सोयच ठेवलेली नाही, आणि तरी सगळं तुमच्या शब्दावर चाललेलं असतं.

बोर्डाबद्दल पण सांगायला पाहिजे. वरखाली सरकणारे दोन-तीन थरांचे काळे फळे, आणि पुसायला डस्टर नाही, ओला स्पंज. आधी स्पंजने धुवायचं, मग काच पुसायला असतो तसा रबरी पट्टीचा वायपर वरून खाली ओढायचा, आणि मग सुकेपर्यंत थांबायचं, कारण ओल्या फळ्यावर खडू उठत नाही. तर एकदा एक ऑस्ट्रियन मुलगा आयझिंग मॉडेलचं, म्हणजे चुंबकाच्या एका सोप्या मॉडेलचं, गणित घेऊन उभा होता, एका डायमेन्शनमधलं, ट्रान्सफर मॅट्रिक्सवालं, आणि अर्ध्यात अडकला. मला वाटलं आता याचं काही खरं नाही. शिकवणाऱ्या बाई काही बोलल्याच नाहीत, खिडकीला टेकून उभ्या राहिल्या. तो स्पंज घेऊन शांतपणे अर्धा फळा धुवायला लागला, पट्टी ओढली, फळा सुकेपर्यंत तसाच बघत उभा राहिला, आणि सुकता सुकता त्याला कळलं की मॅट्रिक्स सिमेट्रिक लिहिली की आयगनव्हॅल्यू सरळ निघतात. तेवढ्या वेळात कोणी हसलं नाही, कोणी उत्तर ओरडलं नाही. मी आजवर ज्या वर्गांत बसलेय तिथे फळ्यापुढे इतका वेळ गप्प उभं राहणं म्हणजे सरळ अपमान असतो, इथे तो विचार करायचा वेळ धरतात, आणि मला वाटतं त्या युबुंगमध्ये मी फिजिक्सपेक्षाही हेच जास्त शिकले.

आता ही शीट सोमवारी द्यायची असायची. म्हणजे गुरुवार ते सोमवार बुडापेस्टला असणाऱ्यांनी ती कधी सोडवायची? बसमध्ये. मोबाईलवर. एकमेकांच्या फोटोंवरून. त्यांच्यातल्या दोघांनी डिसेंबरात तो कोर्स सोडून दिला आणि आधी बघून ठेवलेला एक सोपा सेमिनार धरला. ठीके, ज्याची त्याची मर्जी, पण मग चार महिने इतक्या लांब येऊन नक्की काय केलं, हॉस्टेलची खोली सामान ठेवायला घेतली?

आमचं शनिवार-रविवारचं असं बसलं होतं. शनिवारी दुपारी सामान आणायचं, कारण सुपरमार्केट शनिवारी संध्याकाळी सहाला बंद होतात आणि रविवारी पूर्ण बंद. पूर्ण म्हणजे पूर्ण. मोठ्या स्टेशनांमधली काही दुकानं तेवढी चालू असतात, प्राटरश्टेर्नच्या दुकानात रविवारी जी झुंबड असते ती बघून वाटतं शहरात दंगल-बिंगल होणार आहे. रविवारी दुपारी किचनमध्ये शीट. आम्ही दोघी, खालच्या मजल्यावरचा पादुआचा एक इटालियन पोरगा आणि त्याची एक तुर्की मैत्रीण, तिचं फिजिक्स नव्हतं, मॅथ्स होतं, त्यामुळे ती आमच्या प्रूफमध्ये सारखी भोकं पाडायची. आणि भूक लागली की केझक्नोप्फले. ही फोरारल्बेर्गवालीची खासियत. मैदा, अंडी, पाण्याचं सैलसर पीठ, उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर भोकांची पट्टी ठेवायची, तिच्यावर एक छोटा डबा मागेपुढे सरकतो, पीठ थेंबाथेंबाने पाण्यात पडतं आणि गोळे तरंगून वर येतात. ते झाऱ्याने काढायचे आणि थर लावायचे, एक थर गोळे, एक थर किसलेलं चीज, वर तुपाळ तळलेला कांदा. चीज असं की वास पार लिफ्टपर्यंत. आणि ह्याच्याबरोबर सफरचंदाचा गोड गर! मी आधी नाक मुरडलं होतं, नंतर गर संपला तर मीच भांडायचे. मांस न खाणाऱ्यांनो, व्हिएन्नात उपाशी मराल असं जे सांगतात त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

१ नोव्हेंबरला सगळ्यांची सुट्टी, अख्खा ग्रुप बाहेरगावी. तेव्हा आम्ही ७१ नंबरची ट्राम धरून त्सेंट्रालफ्रीडहोफला गेलो, म्हणजे शहराच्या मुख्य कब्रस्तानात. ऐकायला विचित्र वाटेल पण त्या दिवशी निम्मं व्हिएन्ना तिथेच असतं, हातात फुलं आणि लाल काचेतल्या मेणबत्त्या. १८७४ ला सुरू झालेलं, आतून चक्क सिटी बस फिरते एवढं मोठं. शहराची वस्ती वीस लाखांच्या घरात आणि इथे पुरलेले तीस लाखांच्या आसपास, त्यामुळे जिवंत लोक मायनॉरिटीत आहेत. व्हिएन्नाचे लोक कोणी वारलं की म्हणतात, त्याने ७१ धरली. टुरिस्ट बेथोवन, शुबर्टपाशी गर्दी करतात, आम्ही बोल्ट्झमनला शोधत गेलो, ज्याच्या नावाची आमच्या कॉलेजची गल्ली आहे तो फिजिसिस्ट. पांढऱ्या दगडाचा दाढीवाला अर्धपुतळा, आणि त्याच्या डोक्याच्या वर कोरलंय, एस इज इक्वल टू के लॉग डब्ल्यू, त्याचं एन्ट्रॉपीचं समीकरण. नाव, साल आणि हे. बाकी स्तुती नाही, कविता नाही. गंमत म्हणजे ह्या रूपात हे समीकरण त्याने कधी लिहिलंच नव्हतं, ते तसं मांडलं माक्स प्लांकने. कुणीतरी त्याच्यापुढे मेणबत्तीशेजारी खडूचा एक तुकडा ठेवला होता. आमच्यासमोर एक आजीबाई आल्या, त्यांचं कोणीतरी शेजारच्या बाजूला होतं, त्या आम्हाला म्हणाल्या, "तुम्ही याच्या नात्यातल्या का?" मैत्रीण म्हणाली, "विद्यार्थी आहोत." आजींनी मान डोलावली आणि एक जास्तीची मेणबत्ती काढून आमच्या हातात दिली, म्हणाल्या लावा मग.

मेन बिल्डिंगच्या अंगणातही मी बऱ्याचदा जाऊन बसायचे. चारी बाजूंनी कमानींचा व्हरांडा आणि त्यात दीडशेच्या वर प्रोफेसरांचे पुतळे, फ्रॉइड आहे, श्रोडिंगर आहे त्याच्या समीकरणासकट. जवळपास सगळे पुरुष. बायकांना तिथे १८९७ पर्यंत शिकायलाच घेत नव्हते, पुतळा कुठला. २०१६ मध्ये सात बायकांची स्मारकं बसवली, त्यात फिजिसिस्ट लिझे माइटनर आहे, जी बोल्ट्झमनच्या लेक्चरना बसायची आणि १९०६ मध्ये इथूनच डॉक्टर झाली. आत जिन्याच्या एका पायरीपाशी लिहिलंय की १९३६ मध्ये मोरित्स श्लिक या फिलॉसॉफीच्या प्रोफेसरला इथे गोळी घातली, त्याच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने. लोक त्यावरून लॅपटॉप सांभाळत वर-खाली करत असतात. मी पण करायचे.

ऑपेराचं नाही लिहिलं तर अर्धवट राहील. श्टाट्सओपरमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी ऑपेरा हाउसमध्ये, जवळपास रोज खेळ असतो, आणि उभं राहून बघायची तिकिटं त्याच दिवशी सुटतात, बसायच्या तिकिटापुढे अगदीच किरकोळ पैशात. आणि खालच्या उभ्या जागा असतात कुठे, तर अगदी मधोमध, जुन्या शाही बॉक्सच्या बरोबर खाली. म्हणजे शेकडो युरो मोजणाऱ्यापेक्षा तुम्हाला चांगलं दिसतं, फक्त पाय तुमचे. आत गेलं की कठड्याला आपला स्कार्फ बांधायचा, झाली जागा तुमची, मग खुशाल बाहेर जाऊन सँडविच खाऊन या, त्याला कोणी हात लावत नाही. पुढे छोटी स्क्रीन असते, तिच्यावर इंग्लिशमध्ये शब्द येतात. तिथले नेहमीचे लोक मात्र भयंकर. माझ्या शेजारी एक काकू होत्या, हातात पेन्सिलीने खुणा केलेलं पुस्तक, मधे कोणी खोकलं तर नुसतं बघायच्या. एका पोराने फोन काढला तर त्यांनी त्याच्याकडे न बघता त्याच्या हातावर पुस्तक ठेवलं, फोन झाकला गेला, आणि ऐकत राहिल्या. मध्यंतरात मला म्हणाल्या दुसऱ्या अंकात उजवीकडे सरक, तिथून ऑर्केस्ट्रातला हॉर्न जास्त चांगला ऐकू येतो. खरंच येत होता.

ह्या सगळ्याला वेळ लागतो हो. दोन दिवसांत स्कार्फ बांधायचं कळत नाही, आणि कळलं तरी तिथे दुसऱ्यांदा जायची गरज वाटत नाही, कारण यादीत पुढचं शहर असतं.

सगळं गोड गोड पण नव्हतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे गेली आणि आईच्या फोनची वेळ बिघडली, आधी साडेतीन तासांचा फरक होता तो साडेचार झाला. डिसेंबरात चार वाजता काळोख. मी म्हणायचे आई आता झोपते, ती म्हणायची अगं तिकडे अजून सहाच वाजलेत ना, बरी आहेस का तू? खरंच सांगते, त्या दोन-तीन आठवड्यांत मला पण वाटलं होतं की उठावं आणि जावं कुठेतरी ऊन असेल तिथे. ख्रिसमस मार्केटमध्ये पंच नावाचं गरम पेय प्यायलं की तासभर बरं वाटतं आणि कपाचे डिपॉझिटचे पैसे परत घ्यायला विसरू नका, बास, त्यापलीकडे त्या मार्केटांचं मला फार कौतुक नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते कारण ते विचारणारे खूप आहेत. सहा महिन्यांपर्यंत राहणार असाल तर व्हिसा डी पुरतो, वेगळं रेसिडेन्स परमिट काढावं लागत नाही. पोचल्यावर तीन दिवसांच्या आत पत्ता नोंदवायचा, फॉर्मवर घर देणाऱ्याची सही लागते, तो कागद म्हणजे मेल्डेत्सेटल, बँकेपासून सगळे तोच मागतात आणि शहर सोडताना तो रद्दही करून यायचा असतो. एक्सचेंजवाल्यांना फी माफ असते, स्टुडंट्स युनियनची वर्गणी तेवढी पंचवीसेक युरो. सेमिस्टरला ३० ईसीटीएस, म्हणजे युरोपातली क्रेडिट्स, धरतात आणि तिकडे एक क्रेडिट म्हणजे २५ तास काम, हा हिशोब जायच्या आधी आपल्या कॉलेजकडून लेखी घ्या, म्हणजे सही-शिक्क्यानिशी, माझ्या बाबतीत तोंडी "होऊन जाईल" म्हणालेल्या माणसाने नंतर ओळखच दाखवली नाही आणि एक कोर्स अजून अधांतरी आहे.

आणि फिरायचंच असेल तर ऐका. क्लासेस जानेवारीअखेर संपतात, मार्चपर्यंत पुढचं सेमिस्टर नाही, व्हिसा शिल्लक असतो. फेब्रुवारी अख्खा मोकळा. तेव्हा जा ना, कोण अडवतंय? मी गेले, परीक्षा झाल्यावर, मैत्रिणीबरोबर तिच्या घरी ब्रेगेंट्सला. इन्सब्रुकवरून ट्रेन पुढे डोंगरांत शिरली की बाहेर नुसता बर्फ, आणि शेवटी एकदम बोडेनझे तलावाचं पाणी दिसतं, पलीकडचा काठ जर्मनीचा. तिच्या आईला माझी जर्मन कळत नव्हती आणि मला त्यांची बोली, मैत्रीण मधे बसून दोन्हीकडचं सांगत होती. त्यांनी पहिलंच विचारलं की व्हिएन्नात केझक्नोप्फलेला कुठलं चीज घालता. आम्ही सुपरमार्केटातल्या पाकिटाचं नाव सांगितलं. त्या उठून आत गेल्या, फडक्यात गुंडाळलेला डोंगरातल्या चीजचा किलोभराचा ठोकळा आणून माझ्या सॅकमध्ये घातला, लेकीला चार शब्द सुनावले, त्याचं भाषांतर तिने काही केलं नाही. येताना सात तास तो ठोकळा माझ्या पायाशी होता, हीटर फुल्ल चालू होता, आणि त्या ट्रेनच्या खिडक्या उघडत नाहीत.